स्तनाच्या कर्करोगानंतरची बिअर: शून्य टक्के मद्यार्काच्या बाटलीचे परीक्षण

हे परीक्षण ज्या वस्तूचे आहे ती म्हणजे ३३० मिलीलिटरची, दर्शनी भागावर ०.० असे ठळक छापलेली, मद्यार्क काढून घेतलेली बिअर. ती मी ज्या कारणाने घेऊ लागले ते सांगितल्याशिवाय मात्र तिच्या चवीविषयी लिहिणे अर्धवट ठरेल. माझा स्तनाचा कर्करोग संप्रेरकांना (हार्मोन्सना) प्रतिसाद देणाऱ्या प्रकारचा होता. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन पूर्ण झाले असून सध्या लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन दाबणारी गोळी रोज चालू आहे. त्याआधीची बरीच वर्षे शनिवारी संध्याकाळी नवरा, दीर-जाऊ आणि जुने मित्र यांच्याबरोबर बसणे हा आमच्या घरचा रिवाज होता, आणि आम्ही नाशिकचे असल्यामुळे वाईन हाही पाहुणचाराचाच भाग होऊन गेलेला होता. पुढे प्यायची की नाही, हा प्रश्न उपचार संपत आले तेव्हा समोर उभा राहिला. ज्या बायका आज याच प्रश्नापाशी थांबल्या आहेत त्यांना ही बाटली कितपत उपयोगी पडेल, या एकाच दृष्टीने मी तिच्याकडे पाहिले आहे.

आपल्याकडे हा प्रश्न बाईला मुळात कोणी विचारत नाही. ओपीडीत माहितीचा कागद भरला जात असताना तंबाखू आणि दारू या दोन रकान्यांपाशी समोरच्याचे पेन क्षणभरही थांबत नाही. बाई साडी नेसून, सासूबाईंना किंवा नवऱ्याला बरोबर घेऊन बसलेली असते आणि दोन्ही रकान्यांत ‘नाही’ आपोआप पडते. ज्या बाईला खरे सांगायचे असेल तिलाही त्या खुर्चीवर, सासूबाईंच्या देखत, ‘मी आठवड्याला दोन-तीन ग्लास वाईन घेते’ असे सांगणे जमत नाही. परिणामी दारूविषयीचा सल्ला जिला सर्वांत जास्त हवा असतो तिच्यापर्यंत तो पोहोचतच नाही आणि ती तो मैत्रिणीकडून किंवा मोबाइलवर आलेल्या एखाद्या निरोपातून मिळवते. डॉक्टरांशी एकटीने बोलण्यासाठी पाच मिनिटे मागून घ्यावीत, असे मी प्रत्येकीला आवर्जून सांगते. त्या पाच मिनिटांत किती प्यायचो, काय प्यायचो आणि सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत, हे तिन्ही स्पष्ट सांगावे.

दारू औषधासारखी असते ही समजूत आपल्याकडे खोलवर मुरलेली आहे. सर्दी झाली की चमचाभर ब्रँडी, काही घरांत बाळंतिणीलाही ब्रँडी, आणि अलीकडे ‘रेड वाईन हृदयाला चांगली’ हे वाक्य. महाराष्ट्रात परमिट रूममध्ये बसण्यासाठी जो परवाना लागतो, तोसुद्धा कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठी मद्य लागते या आधारावरच दिला जातो. याच्या अगदी उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे पक्का पुरावा असलेल्या, गटात घातले होते आणि २००७ च्या फेरविचारात मद्यामुळे होणाऱ्या कर्करोगांच्या यादीत स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाचाही समावेश केला. या बाबतीत वाईन, बिअर आणि व्हिस्की यांत भेद नाही, कारण अपाय करणारा घटक तिन्हींत एकच, इथेनॉल म्हणजे मद्यार्क, आहे. शरीरात त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते व ते पेशींतील डीएनएला इजा करते. शिवाय दारूमुळे रक्तातील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी वाढते, आणि ज्या गाठी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात त्यांच्या संदर्भात हा मुद्दा अतिशय महत्त्वाचा ठरतो.

आकडे सांगताना मोजमाप आपल्या भाषेत केलेले बरे. ४२.८ टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीचा ३० मिलीलिटरचा स्मॉल पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क, आणि लार्ज म्हणजे त्याच्या दुप्पट. पाच टक्क्यांच्या बिअरच्या लहान बाटलीत साधारण १३ ग्रॅम, दीडशे मिलीलिटर वाईनमध्ये साधारण १५ ग्रॅम आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीलिटरच्या बाटलीत तब्बल ४० ग्रॅमच्या आसपास मद्यार्क असतो. ‘मी फक्त एक बिअर घेते’ या वाक्याचा अर्थ बाटलीप्रमाणे तिपटीने बदलतो, हे मला स्वतः कागदावर मांडून पाहिल्यावर प्रथम नीट उमगले. ५३ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात रोजच्या प्रत्येक १० ग्रॅम मद्यार्कामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले होते. ही सापेक्ष वाढ आहे. प्रत्यक्षात तिचा अर्थ काय होतो, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी, म्हणजे जनतेला आरोग्याचा सल्ला देणाऱ्या तिथल्या प्रमुख सरकारी डॉक्टरांनी, जानेवारी २०२५ मध्ये काढलेल्या सूचनापत्रातून चांगले कळते. आठवड्याला एकाहून कमी पेय घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ११ जणींना, रोज एक घेणाऱ्यांपैकी सुमारे १३ जणींना आणि रोज दोन घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ जणींना आयुष्यात केव्हातरी स्तनाचा कर्करोग होतो. हे आकडे अमेरिकेतील स्त्रियांचे आहेत आणि तिथले एक पेय १४ ग्रॅमचे धरलेले आहे.

या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट सरळ निघते, ती म्हणजे कधीही न पिणाऱ्या बायकांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो. म्हणून निदान झालेल्या बाईला ‘तू प्यायचीस म्हणून झाले’ असे म्हणणे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीला धरून तर मुळीच नाही. कोणत्या एका ग्लासामुळे कोणाच्या गाठीला सुरुवात झाली, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. माझ्या एका नातेवाईक बाईंना हे वाक्य आजारपणात, तेही जवळच्या माणसांकडून, ऐकावे लागले आणि त्याचा त्यांच्या मनावर झालेला घाव केमोच्या त्रासापेक्षा जास्त काळ टिकला. निर्णय पुढचा करायचा असतो. मागचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

निदानानंतर पिण्याने काय होते, यावरचे पुरावे मात्र निदानाआधीच्या पुराव्यांइतके एका दिशेचे नाहीत, आणि हे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. उत्तर कॅलिफोर्नियातील १,८९७ स्त्रियांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला सरासरी ६ ग्रॅम किंवा अधिक मद्यार्क घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक दिसला, आणि ही वाढ मुख्यतः पाळी गेलेल्या व वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये होती. ६ ग्रॅम म्हणजे आठवड्याला तीन-चार ग्लासांची मजल. त्याच भागात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,६५९ स्त्रियांच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र पिण्याचा आजार उलटण्याशी एकंदरीत संबंध आढळला नाही. याउलट, संप्रेरकांना प्रतिसाद देणारा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांच्या २००९ मधील अभ्यासात आठवड्याला सात किंवा अधिक पेये घेणाऱ्यांना दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला होता. तेव्हा सणासमारंभाला घेतलेल्या एका ग्लासाने सगळे संपते, असे भय बाळगण्याचे कारण नाही, आणि रोजच्या एका ग्लासाने काहीच बिघडत नाही, असे ठामपणे म्हणण्यासही आधार नाही.

माझा निर्णय मी माझ्या औषधाकडे पाहून केला. लेट्रोझोल हे शरीरातील चरबीत इस्ट्रोजेन तयार करणाऱ्या अ‍ॅरोमाटेज या विकराला (एन्झाइमला) रोखते. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेनचा मुख्य मार्ग तोच असतो. दारूने गोळीचा परिणाम पुसला जातो, असे सिद्ध झालेले नाही, परंतु एकीकडे इस्ट्रोजेन दाबण्यासाठी वर्षानुवर्षे गोळी घ्यायची, सांधेदुखी सोसायची, हाडे ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यायचे आणि दुसरीकडे ते वाढवणारी गोष्ट हौसेने प्यायची, हे मला पटेना. त्यात वाईनच्या पहिल्या काही घोटांतच अंगातून वाफा निघू लागत आणि त्या रात्रीची झोप हमखास मोडत असे. माझ्या मैत्रिणीचा कर्करोग संप्रेरकांशी संबंधित नव्हता, आणि तिने डॉक्टरांशी बोलून वर्षातून दोन-तीन प्रसंग राखून ठेवले. तिचा निर्णय तिच्या परिस्थितीत योग्यच आहे असे मी मानते.

थांबायचे ठरल्यावर खरी अडचण वेगळीच निघाली. मला दारूची आठवण फारशी होत नसे. आठवण होई ती शनिवारच्या बसण्याची. चखण्याची ताटली, कांदा-लिंबू मारलेले शेंगदाणे, तळलेली कोळंबी, हळूहळू मोकळी होत जाणारी माणसे आणि हातातला थंड ग्लास. ग्लासात पाणी असले की प्रत्येक जण चौकशी करी, आणि आजाराचा विषय निघाला की बैठकीचा सूर बदले. ‘वहिनी, थोडीशी घ्या हो, वाईनने काय होतंय!’ असे प्रेमाने म्हणणाऱ्या दिराला प्रत्येक वेळी अ‍ॅसिटाल्डिहाइड समजावून सांगणे शक्य नसते. ०.० ची बाटली माझ्या आयुष्यात आली ती या जागी.

आता खुद्द बाटलीविषयी. चांगल्या प्रतीची ०.० बिअर आधी नेहमीसारखीच जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले) आणि यीस्ट वापरून आंबवून तयार करतात आणि मग तिच्यातला मद्यार्क काढून घेतात. साध्या दाबाखाली मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पण तेवढ्या उष्णतेने बिअरची चव करपते, म्हणून निर्वात पात्रात, बऱ्याच कमी तापमानाला तो उडवून लावतात. मी अधिक करून हायनेकेन ०.० घेते. कंपनीच्या माहितीनुसार तिच्यात मद्यार्क ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो आणि ३३० मिलीलिटरच्या बाटलीत ६९ कॅलरी असतात. हिशेब केला तर एका बाटलीत ०.१ ग्रॅमपेक्षाही कमी मद्यार्क येतो, म्हणजे एका स्मॉल पेगच्या शंभराव्या हिश्श्याइतका. एवढा तर खूप पिकलेल्या फळातही सापडतो.

चव ही तापमानावर फार अवलंबून आहे. फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यातून काढून, उंच ग्लासात तिरपी ओतली तर फेस व्यवस्थित धरतो, ताज्या पावासारखा वास येतो आणि पहिल्या दोन-तीन घोटांना हॉप्सचा कडवटपणा नेमका जाणवतो. त्यानंतर उणीव कळते. खऱ्या बिअरला घशातून उतरताना जो भरीवपणा आणि किंचित ऊब असते, ती मद्यार्काचीच असल्याने इथे मिळणे शक्य नाही. ग्लास कोमट होऊ लागला की माल्टचा गोडसरपणा वर येतो आणि शेवटचा पाव ग्लास बहुतेक वेळा मी तसाच ठेवते. तिखट, तेलकट आणि आंबट पदार्थांबरोबर ती उत्तम लागते. कोळंबी किंवा मिरचीभजी असेल तर फरक जवळजवळ विसरायला होतो. नुसती प्यायला बसले तर मात्र एका बाटलीच्या पुढे जावेसे वाटत नाही, आणि माझ्या मते हा तिचा गुणच आहे.

लेबल वाचणे हा या खरेदीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार ०.५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असेल तरच पेय मद्य ठरते. म्हणजे ‘नॉन-अल्कोहोलिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो, आणि ३३० मिलीलिटरला तो सुमारे १.३ ग्रॅम भरतो. हा आकडा लहान आहे, पण ज्यांना पूर्ण शून्याच्या जवळ राहायचे आहे त्यांनी ०.० आणि ०.५ यांत फरक करावा. दुसरी गोष्ट साखर. आपल्याकडे याच फळीवर फळांच्या स्वादाची, माल्टची अशी बरीच गोड पेये ठेवलेली असतात. शंभर मिलीलिटरला १० ग्रॅम साखर लिहिली असेल तर एका लहान बाटलीत ३३ ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर पोटात जाते. उपचारांनंतर वजन वाढण्याची तक्रार आपल्यापैकी बहुतेकींची असते, आणि पाळी गेल्यावर चरबी हाच इस्ट्रोजेनचा कारखाना असल्यामुळे वाढते वजन हा केवळ दिसण्याचा प्रश्न उरत नाही. दारू सोडून रोज अशी गोड बाटली सुरू करणे, हा माझ्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार आहे.

हॉप्सविषयीही बायका विचारतात, आणि शंका रास्त आहे, कारण हॉप्समध्ये इस्ट्रोजेनसारखे काम करणारा एक वनस्पतिजन्य घटक खरोखरच असतो. बिअरमध्ये उतरणारे त्याचे प्रमाण अत्यल्प असते, त्यामुळे अधूनमधून घेतलेल्या बाटलीची मी काळजी करत नाही. अंगातून निघणाऱ्या वाफांवर उपाय म्हणून हॉप्सच्या अर्काच्या कॅप्सूल मिळतात, त्या मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

बाहेर जेवायला गेल्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. एका परमिट रूममध्ये मी ०.० मागवली असता वेटरने त्याच कंपनीची नेहमीची बिअर ग्लासात ओतूनच आणली. घोट घेताच घशातल्या उबेवरून ते ध्यानात आले, आणि सांगितल्यावर त्या मुलाने तत्परतेने बदलूनही दिली, परंतु दोन्ही बाटल्या हिरव्याच असल्यामुळे घाईत असे होणे अवघड नाही. हायनेकेनच्या ०.० चे लेबल निळे असते. बाटली बंद अवस्थेत टेबलावर आणायला सांगावी, निळे लेबल पाहावे आणि मगच ती समोर उघडून घ्यावी.

मद्यार्क काढलेली वाईनही मी चाखली आहे, पण तिच्याविषयी थोडक्यातच लिहिते, कारण तिची शिफारस करावी असे मला वाटत नाही. द्राक्षाच्या वाईनमध्ये मद्यार्क बारा-तेरा टक्के असल्याने तो काढून घेतल्यावर उरणारी उणीव बिअरपेक्षा फार मोठी असते आणि ती साखरेने भरून काढलेली जाणवते. त्यापेक्षा आमसुले भिजवून काढलेल्या पाण्यात जिरेपूड, सैंधव आणि थंड सोडा घालून, साखरेशिवाय केलेले पेय वाईनच्या ग्लासात फार देखणे दिसते आणि जेवणाबरोबर शोभतेही. आमच्या बैठकीत दारू न पिणारे पुरुषही आता ते मागून घेतात.

केमो चालू असताना मात्र ०.० सुद्धा घेऊ नये, असे माझे मत आहे. तोंडात फोड असताना फेसाळ, कडवट पेय झोंबते आणि जिभेची चव गेलेली असल्यामुळे काही आनंदही मिळत नाही. अनेकींना माहीत नसते, पण पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेल यांसारख्या औषधांच्या काही प्रकारांत इथेनॉलच द्रावक म्हणून वापरलेले असते. सलाईननंतर डोके हलके वाटले तर नर्सला सांगावे आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये. त्या काळात खरी दारू किती व केव्हा, हा प्रश्न डॉक्टरांशिवाय परस्पर सोडवण्यासारखा नाही.

ही बाटली कोणासाठी नाही, तेही सांगितले पाहिजे. जिची दारू शनिवारपुरती नव्हती, जी रोज आणि भरपूर पीत होती, तिने अचानक बंद करून ०.० वर येऊ नये, कारण एकदम सोडल्यावर थरथर, भास, प्रसंगी आकडी येण्याचाही धोका असतो आणि ते वैद्यकीय देखरेखीखालीच करावे लागते. अशा मैत्रिणीला बिअरचा वास आणि फेस पुन्हा खऱ्या बाटलीकडे नेऊ शकतो. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग आहे. कर्करोगाचे उपचार चालू असल्याचे पहिल्याच भेटीत सांगून दोन्हीकडच्या डॉक्टरांची गाठ घालून द्यावी.

खरेदीपुरते बोलायचे तर ही बिअर किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत आणि घरपोच सामान आणणाऱ्या अ‍ॅपवर मिळते. वाईन शॉपच्या पायरीवर जाऊन उभे राहावे लागत नाही, आणि लहान गावातल्या बाईला याचे मोल फार असते. किंमत मात्र निव्वळ थंड पेयाच्या मानाने चढी आहे, त्यामुळे एकदम पेटी न घेता आधी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक बाटली आणावी, मागच्या बाजूला मद्यार्काची टक्केवारी, साखर आणि वापरण्याची मुदत पाहावी आणि ती चखण्याबरोबर, पुरेशी थंड करून चाखावी.